त्याला देल्फिना हसली

देल्फिना पात्रुक्कोचं तोंड जन्मापासून वाकडं नव्हतं. तिच्या आजोबांनी ते वाकडं केलं आणि गावाने ते तसंच ठेवून घेतलं.

झालं असं, की सान मार्तिनो संताच्या सणादिवशी, नवी वाइन पहिल्यांदा पिंपातून काढतात तेव्हा, आजोबांनी गंमत म्हणून या शेंबड्या पोरीच्या ओठाला ग्रिन्योलिनो वाइनचा पेला लावला. पोरीने घोट घेतला. वरचा ओठ डावीकडे चढला, नाकाला सुरकुत्या पडल्या, एक डोळा मिटला आणि सगळे दात बाहेर आले. चौकातली माणसं पोट धरधरून हसली. पण पोरगी काही रडली नाही, तिने पेला पुन्हा पुढे केला. त्या वर्षीची आजोबांची वाइन अशी निघाली की म्हातारी माणसं अजून तिचं नाव काढतात. पुढच्या सान मार्तिनोला शेजारी आपली सुरई घेऊन आला आणि म्हणाला, पाजा बरं हिला, बघू काय म्हणते. तिथून हे सुरू झालं.

ग्रिन्योलिनो तोंडात घेतली की तोंड वाकडं व्हायलाच हवं. दिसायला फिकी, बघणाऱ्याला वाटावं कोणीतरी पाणी ओतलंय, आणि जिभेला मात्र अशी चावते की गाल आतून आवळले जातात. हिच्या द्राक्षाच्या मण्यात मेल्या बियाच बिया. आमच्या बोलीत त्या बियांना ग्रिन्योले म्हणतात आणि दात विचकायलाही जवळजवळ तोच शब्द आहे. नाव नेमकं कशावरून पडलं यावर आमच्या रोव्हाल्दा गावातले दोन म्हातारे आजही एकमेकांच्या अंगावर धावून जातील. बार्बेरा ही इथली दुसरी वाइन कोणालाही आवडते. ती काळीभोर, गुबगुबीत, जेवणाबरोबर गुमान पोटात जाते. ग्रिन्योलिनो पिणारा सवयीचाच माणूस लागतो.

तर देवळाच्या पडवीत दर सान मार्तिनोला देल्फिना बसायची, आणि सगळे आपापली सुरई घेऊन यायचे. ती एक घोट घ्यायची, उरलेली दगडावर ओतायची, आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही. सगळे तिचं तोंड बघायचे. ओठ चढला तर वाइन चांगली. डोळाही मिटला तर उत्तम, तो माणूस वर्षभर छाती काढून हिंडणार. तोंड हललंच नाही तर ठीकठाक, पुढच्या वर्षी बघू. आणि देल्फिना हसली, तर मात्र संपलं. हसली म्हणजे वाइन खोटी. साखर घातली, दुसऱ्याची मिसळली, काहीतरी लबाडी करून वाइनचे दात उपटले. असं फार थोड्यांच्या वाट्याला आलं होतं. त्यातला एक तर घरदार विकून शहरात निघून गेला. मग गावात बोलायची पद्धतच पडली. कोणाचं पोरगं परीक्षेत आपटलं, कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणाची गाय मेली, की लोक म्हणायचे, त्याला देल्फिना हसली.

बाकी आयुष्य म्हणाल तर सांगण्यासारखं काही नाही. हिवाळ्यात वेलांची छाटणी, वसंतात विलोच्या झाडाच्या ओल्या काड्यांनी फांद्या तारेला बांधणं, उन्हाळ्यात पाला काढणं, मग तोडणी. लग्न केलं नाही. विचारणारे होते, पण बाईला पुरुषांचा सूप भुरकण्याचा आवाज सहन व्हायचा नाही. खरं तर तिला काहीच सहन व्हायचं नाही. पाद्रीबाबांची कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. भावजयीच्या हातचे सारण भरलेले आन्योलोत्ती म्हणजे उकडलेल्या उशा. बाजारातलं सलामी बघितलं की ती रस्त्यातच थुंकायची. चोथ्याच्या ढिगावर घोंगावणाऱ्या चिलटांची तिला शिसारी होती, आणि त्या चिलटांपेक्षा जास्त, वाइनचा पेला गरागरा फिरवून आत नाक खुपसणाऱ्या माणसांची. गावाला याचा राग नव्हता. उलट, जिला जगातली प्रत्येक गोष्ट घाण वाटते तिने आपल्या वाइनला तोंड वाकडं करून डोळा मिटला, याची किंमतच वेगळी होती.

एव्हाझियो तिच्याच वयाचा. वरच्या उतारावर त्याच्या बापाने लावलेले ग्रिन्योलिनोचे वेल, आणि घराखाली दगडात खोदलेलं एवढंसं तळघर, ज्यात तो वाकूनच आत जायचा. रस काढताना तो बिया फुटू द्यायचा नाही, पण काढूनही टाकायचा नाही. त्या पिंपाच्या तळाशी त्यांच्या त्यांच्या मर्जीने बसायच्या. वर्षानुवर्षं त्याच्या वाइनला देल्फिनाचा डोळा मिटत आला होता. बायको गेल्यापासून तो रविवारी देल्फिनाकडे जेवायला यायचा, आणि सूप पिताना आवाज करायचा नाही. त्यामुळे ती त्याला घरात घेत असे.

मग लोरिस आला. लोरिस म्हणजे देल्फिनाच्या भावाचा मुलगा. भाऊ वारला, वेल याच्या हाती आले, आणि हा शहरातून शिकून, गुळगुळीत दाढी करून, टोकदार बूट घालून परतला. त्याचं म्हणणं, ग्रिन्योलिनोचं चुकतं कुठे तर तिच्या स्वभावात. लोकांना चावणारी वाइन नको असते. त्याने बिया काढून टाकणारं यंत्र आणलं. रंग यावा म्हणून काळी वाइन कुठूनशी टँकरने आणून ओतली. आणि गोडसर वास यावा म्हणून लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या जाळीच्या पिशव्या पिंपात बुडवून ठेवल्या, चहाची पुडी बुडवतात तशा. देल्फिनाने तळघराच्या दारातून हे बघितलं. ती म्हणाली, अरे, बिया काढलेली ग्रिन्योलिनो म्हणजे काय? नावच बियांचं आहे ना? लोरिस गोड हसला. तो नेहमी गोडच हसायचा, मेला.

त्या सान मार्तिनोला त्याने बाहेरचे पाहुणे आणले. गाड्या चौकात लागल्या. लोरिसने आत्यासमोर पेला धरला. वास आधीच आला होता, जळक्या साखरेचा, केकच्या दुकानातला. तिने घोट घेतला. जाड, गोडसर, चिकट असं काहीतरी जिभेवर पसरलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या. आणि सगळ्या गावासमोर, आपल्या सख्ख्या भावाच्या पोराला, देल्फिना हसली. चांगली दात दाखवून, रुंद, सावकाश हसली.

पडवीतल्या गाववाल्यांना कळलं. कोणी टोपी काढली, कोणी खाली बघितलं. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! त्यांना काय ठाऊक? एक सुरकुतलेली म्हातारी वाइन पिऊन खुलली, एवढंच त्यांनी बघितलं. एकाने फोटो काढला. वसंतात लोरिसच्या बाटल्या बाजारात आल्या तेव्हा लेबलावर देल्फिनाचं हसरं तोंड छापलेलं होतं आणि खाली नाव होतं, आत्याचं हसू.

पहिले काही दिवस गाव हसून हसून लोळलं. ज्या बाटलीवर देल्फिना हसतेय ती बाटली, म्हणजे काय, दुकानात चोराने स्वतःचंच चित्र लावावं तसं. पण बाटल्या खपल्या. अशा खपल्या की लोरिसने छप्पर बदललं, मग गाडी. देल्फिना त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, काढ माझं थोबाड त्या घाणीवरून.

"आत्या, पण तू हसलीस ना?" लोरिस म्हणाला. "मी काय खोटं छापलंय?"

"मी का हसले ते तुला ठाऊक आहे."

"मला आहे. तुला आहे. घेणाऱ्याला नाही, आणि घेणार तो आहे." मग त्याने तिला खुर्ची दिली, बिस्किटं पुढे केली. "रागावू नकोस. आख्खी दुनिया तुझ्याकडे बघून बाटली उचलते. कोणाची आत्या एवढी मोठी झाली?"

तिने बिस्किट घेतलं नाही. घरी येऊन तिने चूळ भरली, पुन्हा भरली, तरी तो केकचा वास नाकातून जाईना.

आणि खरी किळस तर पुढेच होती. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याने लोरिसचं यंत्र भाड्याने घेतलं. तिसऱ्या वर्षी आणखी कोणी ढलप्या आणल्या. हीच ती माणसं, जी लहानपणापासून तिच्या ओठाकडे श्वास रोखून बघत आली होती. आता ती पाहुण्यांना पुढे उभं करायची आणि तिच्या समोर पेला धरून म्हणायची, हस की गं, देल्फिना. ती हसायची, संतापाने, त्यांना शिवी द्यावी तशी हसायची, आणि ती माणसं खूश होऊन सुरई उचलून न्यायची. एका वर्षी तिने ठरवून तोंड दगडासारखं ठेवलं, तर जिची वाइन होती त्या बाईने तिच्याशी बोलणं टाकलं. म्हणे आमच्या पोटावर पाय देतेस. शिवीच लोकांना हवीशी झाल्यावर शिवी देणाऱ्याने करायचं तरी काय?

एकटा एव्हाझियो तसाच राहिला. त्याची वाइन फिकी, चावरी, जशीच्या तशी. त्याची सुरई आली की देल्फिनाचा ओठ चढायचा, डोळा मिटायचा, आणि पाहुणे फोन खाली करून एकमेकांकडे बघायचे. बिचारी आजी, काय पाजलं तिला. कोणी एकही बाटली घेत नसे. तळघरात वाकून जायची सोय राहिली नाही इतका माल साठला. तोरिनो शहरात राहणारी त्याची मुलगी दर आठवड्याला फोन करून सांगायची, बाबा, पुरे आता, काढा ते वेल.

त्या शरद ऋतूत एव्हाझियो जरा विचित्र वागत होता. उन्हाळ्यात त्याला मोठा ताप येऊन गेला होता, त्यातून उठला तो बारीक होऊन. रविवारी जेवायला आला की देल्फिनाच्या सुपात मूठभर मीठ घालायचा, आणि ती ओरडली की म्हणायचा, बरं लागतं. एकदा नासकं दूध निमूट प्यायला, तेव्हा तिने त्याच्या हातातून पेला हिसकावला आणि विचारलं की तुझी जीभ कुत्र्याने नेली का. त्याने तोंड पुसलं. निघताना दारात थांबून मात्र म्हणाला, "यंदा नाही जमलं, तर वेल काढतो."

देल्फिना रात्रभर कुशीवर वळत राहिली. नाही जमलं म्हणजे नाही खपलं, दुसरं काय? आणि खपत का नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तिच्याच तोंडामुळे. जगातली एवढी एक वाइन तिला घाण वाटत नव्हती, आणि तिच्याच ओठामुळे त्या वाइनचं गिऱ्हाईक पळत होतं. सगळ्या चोरांना हसून हसून गब्बर केलं, आणि या एका सरळ माणसाला वाकडं तोंड. स्वतःचाच एवढा उबग तिला कधी आला नव्हता.

सान मार्तिनो उजाडला तेव्हा धुकं चौकातच बसलं होतं. गाड्या एवढ्या आल्या होत्या की पाद्रीबाबांना देवळात शिरायला वाट नव्हती. लोरिस सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत हिंडत होता. एकेक सुरई आली, एकेकाला देल्फिना हसली, टाळ्या पडल्या. शेवटी एव्हाझियो आला. त्याने टोपी काढली, पेला भरला आणि तिच्याकडे असं टक लावून बघत राहिला की तिला क्षणभर नवल वाटलं. मग तिने घोट घेतला.

आई शप्पथ, तशी वाइन तिने जन्मात प्यायली नव्हती. जिभेच्या दोन्ही कडा आवळल्या, हिरड्या ताठ झाल्या, आणि मागून तो गुलाबाचा आणि मिऱ्याचा वास आला, आजोबांच्या पेल्यातला. ओठ आपोआप वर निघाला. देल्फिनाने तो खाली ओढला. डोळा मिटायला लागला, तिने तो फाडून उघडा ठेवला. गालात पेटके आले तरी बाई मागे हटली नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा, खोटी वाइन नसताना, देल्फिना खोटं हसली.

बाहेरच्यांनी एकच गलका केला. फोन वर झाले. कोणी खोकी मागितली, कोणी जुना मालही उचलतो म्हणालं, संध्याकाळ व्हायच्या आत एव्हाझियोचं तळघर रिकामं झालं. देल्फिनाने गर्दीतून त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला. तो टोपी हातात घेऊन उभा होता आणि लोक त्याला बाजूला सारून सुरया बघत होते. त्याला जाऊन काही सांगावं असं तिला वाटलंच नाही. सांगायचं काय? स्वतःच्या वाइनची चव त्याला कळतच होती की. हसू कोणासाठी होतं हे न समजायला तो काय पाहुणा होता?

पुढच्या रविवारी तो जेवायला आला नाही. थंडी वाढलीय, तिने मनाशी म्हटलं. नाताळात मुलीकडे गेला असं कळलं. मग जानेवारीत एका सकाळी ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती, तर वरच्या उतारावरून धूर येताना दिसला. छाटलेल्या काड्यांचा धूर पातळ असतो. हा दाट होता, काळा होता. हातातलं टोपलं तिथेच टाकून ती चढण चढायला लागली.

अर्ध्या उतारावरचे वेल उपटून झाले होते. भाड्याच्या ट्रॅक्टरला साखळी बांधली होती, चालवणारा सिगारेट ओढत बसला होता. एव्हाझियोच्या बापाच्या हातचे बुंधे मुळांसकट ढिगात पडलेले, मुळांना ओली पांढरी माती. देल्फिनाला दम लागला होता, आधी बोलताच येईना.

"सगळा माल गेला ना रे तुझा?" तिने विचारलं. "जमलं ना? मग हे काय चालवलंयस?"

एव्हाझियोने तिच्याकडे बघितलं नाही. तो म्हणाला की माल गेला, बरोबर. लोरिसचाही जातो. कसा झाला होता ते विचारू नकोस, मला ठाऊक नाही. तापानंतर नाक गेलं, जीभ गेली; सूप काय, दूध काय, सगळं कोमट पाणी. पिंपात काय झालंय ते मला वासाने कळेना, चवीने कळेना. डॉक्टर म्हणाला परत येईल की नाही सांगता येत नाही. गावाला सांगितलं असतं तर चार दिवस करमणूक झाली असती. "म्हटलं, माझी जीभ गेली तर गेली, देल्फिनाचं तोंड आहे. तू जे दाखवशील ते खरं. आणि तू हसलीस."

देल्फिना वळसा घालून त्याच्या समोर उभी राहिली. तिने सांगितलं. सगळं सांगितलं. हसू पाहुण्यांसाठी होतं, गाल कसे आवळून धरले, डोळा कसा उघडा ठेवला, तशी वाइन आजोबांनंतर कोणाच्या हातची झाली नाही. बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला त्या पाण्याचीही चीड येत होती. एव्हाझियो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"तू चांगली आहेस," तो म्हणाला. "माझी समजूत काढायला एवढं चढून आलीस."

"समजूत?" ती ओरडली. "एक बाटली ठेवलीच असशील ना घरच्यासाठी? आण. आत्ता आण."

वेलांपाशी असलेल्या त्याच्या झोपडीत जेवणाबरोबर घ्यायची अर्धी बाटली होती. त्याने पेला पुसून तिला भरून दिला. देल्फिनाने मोठा घोट घेतला. ओठ डावीकडे चढला, नाक सुरकुतलं, डोळा मिटला, सगळे दात बाहेर आले. तिने काही केलं नव्हतं, जे झालं ते आपोआप झालं. ते तोंड तसंच ठेवून तिने त्याच्याकडे वळून बघितलं.

एव्हाझियो तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"हसायचं मुद्दाम जमतं, तर हेही मुद्दाम जमतच असेल," तो म्हणाला.

मग त्याने तिच्या हातातून पेला घेतला, बाटलीला बूच लावलं आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला. चालवणाऱ्याने सिगारेट विझवली आणि साखळी पुढच्या बुंध्याला लावली.